पट्ट्याची आतली बाजू

सकाळी दहाला काशिराम कोळी कुमुदच्या दुकानात आला, बाकावर बसला आणि नकली पायाचा चामडी पट्टा मांडीवरून सोडून त्याने मशीनवर ठेवला. नारळी पौर्णिमा उद्यावर आली होती.

"काय झालं? तुटला?" कुमुदने विचारलं.

"तुटंल कशाला? शिलाई लोखंडासारखी हाय. मांडी सोलली."

कुमुद पनवेलच्या बाजारात ब्लाउज शिवायची, भरतकाम करायची. चामडं तिने काशिरामसाठीच पहिल्यांदा हातात घेतलं होतं. तिने पट्टा पाहिला. वरून नितळ होता. मशीनच्या फुटाचे, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पट्टीचे, वळ उठू नयेत म्हणून शिवताना तिने वर पातळ कागद धरला होता. खाली काहीच घातलं नव्हतं. मशीनचे दाते चामडं पुढे ओढताना आतून ओळीने रुतले होते, आणि तीच बाजू मांडीला लागत होती. कापडावरचे असे वळ इस्त्रीने जातात. चामड्यावरचे जात नाहीत.

"वरून देखणा केलास, ताई," काशिराम म्हणाला. "मना काय वरातीत मिरवायचाय?"

"चुकलंच. ब्लाउजसारखी वरची बाजू बघत बसले."

काशिराम ज्या होडीवर जायचा, तिचा प्रमुख आनंदा तांडेल; त्याच्या होडीची रीत होती. दर्याला नारळ सोडताना जो होडीत काही न धरता उभा राहील, तो हंगामभर खलाशी. तसं उभं राहता न आल्याने मागचा हंगाम काशिराम घरी बसला होता.

"औंदा नाय बसनार," तो म्हणाला.

"दुसरा शिवते. थांबा."

"चामड्यात सुईचं भोक चुकलं तर बुजत नाय, तूच सांगलंस."

"मग आता बोलू नका."

चामड्याचा एकच तुकडा उरला होता. भरतकामाला करते तसे कुमुदने दाते खाली उतरवले. दाबाचा स्क्रू सैल केला, फुटाच्या तळाला सेलोटेप लावली, चामड्याच्या वर आणि खाली कागद घातला. दाते नाहीत म्हणजे चामडं पुढे नेणारं कोणी नाही. ते तिलाच टाक्याटाक्याला सारखं सरकवायचं होतं. पायडल सोडून तिने चाक हाताने फिरवायला घेतलं. दारात कोणीतरी ब्लाउज न्यायला आलं.

"संध्याकाळी या," ती मान वर न करता म्हणाली.

टोकाशी सुई वाकडी उतरू पाहत होती. तिने चाक तिथेच धरलं, चामडं केसभर मागे घेतलं आणि मगच सुई खाली सोडली.

कागद फाडून काढल्यावर तिने आधी आतली बाजू पाहिली. मग ती स्वतःच्या दंडाच्या आतल्या कातडीवर घासली. पुन्हा घासली, जोराने. ओरखडा उठला नाही.

काशिरामने पट्टा आवळला, उभा राहिला, बाकावरचा हात काढला.

"जुनी जखम झोंबते," तो म्हणाला. "झोंबू दे." आणि उरणची एसटी धरायला स्टँडकडे निघाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी उरणजवळच्या मोरा बंदरावरून त्याच्या बायकोचा, रंभाचा, फोन आला. मागे ताशे वाजत होते.

"ताई, नारल सोडला तवा उभे व्हते!"

"काही न धरता?"

रंभा ताशांपासून लांब सरकली.

"त्यांचा आनी आनंदाचा हात एकमेकांच्या खांद्यावर व्हता. कोन कोनाला धरून व्हता, ते धक्क्यावरून दिसलं नाय."