चौथ्या स्टेजचा खड्डा

आईच्या कपाटात दादाला आमचा जुना व्हिडिओ गेम सापडला. लहानपणी परीक्षेआधी आईने तो ‘भंगारात दिला’ म्हणून सांगितलं होतं. तेव्हा दादा दोन दिवस जेवला नव्हता. आता गोंधळून त्याने तो टीव्हीला जोडला, तर सुरूही झाला. उड्या मारत पळणारा गेममधला शिपाई चौथ्या स्टेजला नेहमीच्याच खड्ड्यात पडला. “दे इकडे,” म्हणत आईने रिमोट घेतला, शिपायाला दोन पावलं मागे नेलं आणि खड्डा पार केला. पुढचा किल्ला आम्ही कधी पाहिलाच नव्हता; ती तिथेही अडखळली नाही. “हे कधी शिकलीस?” मी विचारलं. “तुम्ही शाळेत गेलात की खेळायचे.” “मग आमच्याबरोबर का नाही खेळलीस?” दादाचा आवाज चढला. आई पडद्याकडेच बघत म्हणाली, “तुमच्यासमोर हरायची लाज वाटायची.” रागवावं की हसावं, आम्हाला कळेना. दादा तिच्याशेजारी जाऊन बसला.