सात नंबरचा वाफा

मामींनी कंडक्टरचा जुना खाकी शर्ट साडीवरून चढवला, त्याची टोपी कपाळापर्यंत ओढली आणि सात नंबरच्या वाफ्यात रस्त्याकडे पाठ करून उकिडव्या बसल्या. उजाडून जेमतेम अर्धा तास झाला होता. मागे सून झारी धरून उभी होती, आणि तिचं तोंड झारीपेक्षा जड झालं होतं.

बागेचा नियम सरळ होता. इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत बारा वाफे आखलेले. ज्याचा वाफा त्यानेच कसायचा, दुसऱ्याचा हात चालायचा नाही. मालक तीन आठवडे फिरकला नाही, की वाफा यादीतल्या पहिल्या नावाला. यादी लांबलचक होती. लोक वर्षानुवर्षं ताटकळत होते.

कंडक्टर मामींच्या वरच्या मजल्यावर राहायचा. जन्मभर गाडीभर माणसांशी बोललेला गडी, पण बायको गेली आणि त्याची वाचाच बसली. बोलायचा तो फक्त मुळ्याशी आणि काकडीशी. थंडी सरता सरता तो जिन्यात पडला, मांडीचं हाड मोडलं. इस्पितळात जाताना घराची किल्ली मामींच्या हातात कोंबून म्हणाला, कुणाला सांगू नका.

डॉक्टरांनी सळई घालून हाड जुळवलं. माणूस काही जुळेना. डॉक्टर म्हणाले, यांनी पाऊल टाकलं नाही तर कायमचे पडून राहतील. कंडक्टर भिंतीकडे तोंड करून पडलेला. कुणासाठी उठू, एवढंच म्हणायचा.

मग मामींनी त्याला दामटून सांगितलं की काकडीचे वेल जमिनीवर लोळतायत, काठ्या लावायला तुमचा आजा येणार आहे का? दुसऱ्या दिवशी कंडक्टर दांडी धरून चार पावलं चालला. तिसऱ्या दिवशी दारापर्यंत गेला आणि विचारलं, मुळ्याला कीड तर नाही ना?

तेव्हापासून मामींनी रोजचा हा वेष धरला होता.

खुरपं चालायचं तितकंच तोंडही चालायचं. बी कसं टाकलंय बघ, तिकिटं वाटल्यासारखं. पालक इकडे, पालक तिकडे, मधे बसायला जागा. पण माती हातात आली की मामींचे गुडघे दुखायचे थांबायचे. घरी खिडकीत तेलाच्या डब्यांत त्यांनी मिरची, कोथिंबीर काढली होती. एकदा दोडका लावला, तर तो शेजारणीच्या वाळत घातलेल्या परकराला जाऊन बिलगला आणि सहा महिने बोलणं बंद झालं. इथे कसं, वेलाला आभाळ मोकळं. काकडीचा कोवळा तणावा बोटाला गुंडाळला, तेव्हा मामी बराच वेळ बोट सोडवायच्याच विसरल्या.

सुनेने ते पाहिलं. तिला राहवलं नाही.

"आई, हा वाफा कंडक्टरकाकांच्या हातून गेला तर तुमचं काय बिघडतं? उलट—"

"तुझं उलट राहू दे. पाणी सरळ घाल."

कुंपणापलीकडून रोज बागेचा चिटणीस जायचा. चष्मा काचेच्या बरणीच्या बुडासारखा, आणि नियम बायकोपेक्षा लाडका. तो लांबूनच विचारायचा, काय कंडक्टर, ठीक ना? मामी वळायच्या नाहीत, नुसता हात वर करायच्या. दोन आठवडे निभावलं.

त्या दिवशी मात्र चिटणीस फाटक उघडून आतच आला. बगलेत रजिस्टर. कंडक्टर, महिन्याची सही राहिली तुमची, म्हणत तो पुढ्यात येऊन उभा राहिला आणि टोपीखाली त्याला कुंकू दिसलं.

त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मामी? दुसरं कुणी असतं तर समजलो असतो. पण तुम्ही?"

"का, माझ्या हाताला काटे आहेत?"

मग मामींनी त्याला खाली मातीतच बसवलं आणि हाड मोडल्यापासूनचं सगळं सांगितलं. काल कंडक्टर काठी न धरता खिडकीपर्यंत गेला, तेही. चिटणीस ऐकत राहिला. माणूस वाईट नव्हता. नियमाने वाळला होता इतकंच. शेवटी हळू आवाजात म्हणाला की मालक महिनाभर आलेला नाही, आपल्याला आता कळलंय, म्हणजे वाफा आजपासून यादीतल्या पहिल्या नावाचा. आपल्या हातात काही नाही.

"आणि पहिल्यानेच म्हटलं की मला नको, तर?"

"तर जुन्या मालकाकडेच राहतो. पण तसं सहीने द्यावं लागतं, आणि पाळी सोडली की नाव तळाला जातं." चिटणीस मातीकडे बघत बोलत होता. "पाच वर्षं वाट बघणं सोपं नसतं, मामी. परत पाच वर्षं कुणी—"

"माणूस चालायला लागलाय," मामी म्हणाल्या. "त्याच्या पायाखालची माती काढून घेऊ का?"

सून कुंपणाकडे वळली आणि झारीत पाणी आहे का ते उगाच बघू लागली.

मामींनी पदराला हात पुसले. पेन मागून घेतलं. चिटणीसाने रजिस्टरची शेवटची पानं उलटून यादी काढली, पहिल्या नावावर बोट ठेवलं, आणि मामींनी त्या स्वतःच्या नावापुढे, एकेक अक्षर जुळवत, सावकाश सही केली.