निळा वाळेपर्यंत

विमानतळाच्या टॉवरमध्ये बसून विमानांना उंची नेमून द्यायची, हे त्याचं काम. परवा दोन विमानं एकमेकांना घासायचीच काय ती राहिली. प्रवासी सगळे वाचले, पण त्याची झोप उडाली. उद्या चौकशी होती.

दुपारी तो बायकोच्या चित्रांच्या खोलीत येऊन बसला. तिच्या चित्रांना तो आजवर ‘रेघोट्या’ म्हणून हसत आला होता. आज मात्र भल्यामोठ्या कॅनव्हासवर निळ्या-पिवळ्या रेघा जिथे एकमेकींना गाठत होत्या, तिथे तिथे त्याच्या काळजात धस्स होत होतं.

“सगळ्या आदळतायत गं,” तो म्हणाला.

“जवळ येऊन बघ. निळ्या खाली आहेत, पिवळ्या वर. निळा पुरता वाळल्याशिवाय मी पिवळ्याला हात लावत नाही.”

तो नाकाला रंग लागेल इतका जवळ गेला. खरंच, एकही रेघ दुसरीत मिसळली नव्हती. एकेक रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळ्यांनी नेता नेता त्याचा श्वास संथ झाला.

“तुला घाई नाही होत?”

“होते ना. मग चिखल होतो, आणि मी रंगाच्या नावाने बोटं मोडत बसते.”

मग त्याने साहेबांना फोन लावला.

“साहेब, मी परवा दिलेला जबाब बदलायचाय. वैमानिकाने उंची चुकवली नव्हती. मी सांगितली त्याच उंचीवर तो आला होता.”