आप्पांनंतरचा पहिला पेशंट

"आधी एक्स-रे, मग हात," मी म्हणाले.

दौलू पैलवान कंबर धरून हसले. "तुझा बा नुसत्या बोटांनी बघायचा. इस्पितळात येऊन तू भित्री झालीस व्हय?"

माझे वडील, आप्पा, हाडवैद्य होते. त्यांना जाऊन महिना झाला. मी कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हातांनी मणके बसवण्याची पद्धत, शिकले, आणि इस्पितळाने मणक्यांच्या विभागात मला खोली दिली. आज पहिला दिवस. पैलवान निघून गेले असते, तर आप्पांच्या पेशंटांपैकी कुणीच इथे फिरकलं नसतं.

कुरकुरत ते एक्स-रे काढून आले. सर्जनसोबत मी तो पाहिला; हाड शाबूत होतं. मग पैलवानांना पालथं झोपवून कमरेवर तळवे टेकले आणि त्यांनी श्वास सोडताच दाबलं.

टेबलाला तोंड ठेवायला असलेल्या भोकातून त्यांचा आवाज आला, "हात आप्पाचाच हाय."

पालथ्या माणसाला वैद्याचा चेहरा दिसत नाही, हे बरं असतं.

"तालमीतल्या बाकीच्यांनाही पाठवा," मी म्हणाले.