जावळ

भाजीबाजारात सगळ्यांच्या ओळखचष्म्यांत एकदमच लाल अक्षरं उमटली: ‘मुलाची नोंद जुळत नाही.’ भोपळेवाल्या गणाचार्यांनी हर्षालीच्या कडेवरून तिचं लेकरू ओढून घेतलं. बाजाराला आलेल्या दोघींनी तिचे हात पिरगळले.

“अहो, काल जावळ काढलंय त्याचं! म्हणून चष्म्याला ओळखू येत नाहीये!”

“सगळ्या चोरट्या असंच म्हणतात!” गणाचार्य ओरडले.

हवालदारबाई धावत आल्या. “सामान्य माणसाला कोणाला धरायचा हक्क आहे, पण गुन्हा डोळ्यांदेखत घडला तरच. चष्मे काढा. आता सांगा, कोणी पाहिला गुन्हा?”

एकेक चष्मा उतरला. दोघींनी हर्षालीचे हात सोडले.

रडून लाल झालेलं बाळ हर्षालीच्या छातीशी आलं. तिने त्याच्या तुळतुळीत डोक्यावर ओठ टेकले आणि मोकळ्या हाताने गणाचार्यांचं मनगट पकडलं.

“मी पाहिला, बाई. ह्यांनी माझं लेकरू हिसकावलं. घ्या ताब्यात.”