चौकटीतलं लाटणं

टाउन हॉलमध्ये दुसऱ्यांदा मोजूनही दोन्ही उमेदवारांची मतं सारखीच भरली. निकाल आता बाजूला ठेवलेल्या एका मतपत्रिकेवर होता. मिसेस थर्लोंच्या नावासमोरच्या चौकटीत कुणीतरी फुलीऐवजी लाटणं काढलं होतं. आमच्या लंडनच्या उपनगरातून तोवर एकही बाई कौन्सिलवर गेली नव्हती. “खूण एकाच चौकटीत आहे. नियमाप्रमाणे मत थर्लोबाईंचं,” निवडणूक अधिकारी म्हणाले. त्यांच्याविरुद्ध उभे असलेले मावळते नगरसेवक ब्रॉडवुड उसळले, “अहो, त्याने बाईंना स्वयंपाकघरात पाठवलंय! बाई, थोडा स्वाभिमान असेल तर हे मत नाकारा. मग चिठ्ठ्या टाकू.” त्यांची माणसं फिदीफिदी हसली. थर्लोबाईंच्या नवऱ्याने त्यांची बाही ओढली. “विनी, जाऊ दे ना.” त्यांनी बाही सोडवून घेतली. “लाटणं छान जमलंय. मत मोजा, साहेब. आणि ब्रॉडवुड, हा मतदार जो कोणी असेल, त्याच्या गल्लीतल्या बंद दिव्यासाठीसुद्धा उद्यापासून मीच भांडणार आहे.”