गाऱ्हाण्याचा होकार

"गाऱ्हाण्याक 'व्हय म्हाराजा' म्हणणारो कोणतरी व्हयो रे, विश्राम," गुरव म्हणाला. "एकट्याचा गाऱ्हाणा कसा घालू?"

विश्राम खाली मान घालून उभा होता. कुणी बघू नये म्हणून तर तो भर दुपारी, रिकाम्या देवळात आला होता. 'माझे दोन हात हाच माझा देव' असं म्हणत त्यानं काजूचा कारखाना उभा केला; जत्रेलाही कधी ही पायरी चढला नाही. आणि ज्या पुतण्याला बोटाला धरून धंदा शिकवला, त्यानंच मागच्या मागे कामगार फोडले, गिऱ्हाइकं वळवली. कारखान्याला आता कुलूप होतं.

पायऱ्यांवर चपला वाजल्या. नव्या कारखान्याच्या मुहूर्ताचा नारळ घेऊन तोच पुतण्या आत आला आणि काकाला बघून थबकला.

"बरा झाला, इलस तो. हंयसर उभो रव, 'व्हय म्हाराजा' म्हणूक," गुरव त्याला म्हणाला आणि विश्रामकडे वळला. "काय मागू?"

पुतण्याचं वाटोळं मागायला आलेल्या विश्रामच्या तोंडून भलतंच निघालं. "माका परत उभो कर म्हण. बाकीचा देवाक दिसताच."

गुरवानं आवाज चढवला. "बा देवा म्हाराजा! जेनी हेचो घात केलो, तेका तू बघून घे, आणि ह्या लेकराक पायार उभो कर, रे म्हाराजा!"

लहानपणापासून प्रत्येक शब्दाला 'व्हय काका' म्हणणाऱ्या पुतण्याच्या तोंडातून आज हुंकारही फुटेना.

विश्रामनं त्याच्याकडे बघितलं. मग उभ्या आयुष्यात कुणापुढे न जोडलेले ते दोन हात जोडून तो स्वतःच म्हणाला, "व्हय म्हाराजा."